दोनदा दिसलं तर आहे

१२ मार्च

धाकटे,

फोन कट झाला की तू ठेवलास? गेटवरचा रखवालदार म्हणतो, लाइन एकदम साफ होती. तो लाइनची बाजू घेणारच, फोन त्याच्या ताब्यातला. पण मलाही वाटतं, तू ठेवलास.

इथे मोबाइलला बंदी आहे हे तुला शंभरदा सांगून झालंय. आमच्या रेडिओ दुर्बिणीची डिश इतकं बारीक ऐकते की खिशातला मोबाइल म्हणजे तिच्या कानाशी ढोल. म्हणून गेटवर एकच फोन, त्यावर निरोप, आणि निरोपाची चिठ्ठी माझ्या टेबलावर. काल चिठ्ठीत लिहिलं होतं, 'घरून फोन. वडील बोलले. तुमची चौकशी केली.' मी हातातलं काम टाकून भर उन्हात गेटपर्यंत गेले, हे तुला दिसलं नाही. तुला ऐकू आलं ते एवढंच, की मी म्हणाले, "परत बोलले की कळव."

आता तूच सांग, यात माझं चुकलं काय? गेल्या वर्षी तू असाच फोन केला होतास. अण्णांनी ओठ हलवले, त्यांना काहीतरी सांगायचंय. मी रजा टाकून धावत आले आणि चार दिवस त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते भिंतीकडेच बघतात. आई गेली ते आपण दोघींनी त्यांचे हात धरून सांगितलं, तेव्हाही त्यांनी भिंतीकडेच पाहिलं होतं. त्यांना ते कळलं की नाही, आपल्याला अजून माहीत नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं झालंय माझं.

इथे तर तो धंद्याचा नियमच आहे. आठवतं, मी काय शोधते हे अण्णांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते कवळ्या बनवायच्या टेबलाशी मेण तापवत बसले होते. मी म्हटलं, मोठे तारे जन्मतात तेव्हा धुळीच्या दुलईत असतात, दुर्बिणीतून दिसत नाहीत. पण त्यांच्या आसपासच्या वायूत मेथॅनॉल असतं, आणि ताऱ्याच्या उबेने ते एकाच ठरलेल्या सुरात रेडिओ लहरी सोडतं. त्याला मेझर म्हणतात. तो सूर ऐकू आला की समजायचं, इथे पाळणा हललाय. अण्णांनी स्पिरिटच्या दिव्याकडे बोट दाखवलं. "मेथॅनॉल म्हणजे या बाटलीतलंच ना? मग एवढ्या लांब कशाला जातेस? इथे लिटरभर आहे." तू हसून हसून जबड्यांचे दोन साचे खाली पाडले होतेस.

तर आम्ही आकाशगंगा पट्ट्यापट्ट्यांनी चाळतोय. एका जागी मिनिटभर ऐकायचं, पुढे सरकायचं. काही सापडलंच, तर काही दिवसांनी परत तिथे जायचं. परत दिसलं तर यादीत, नाही तर काट. फळ्यावर मीच लिहून ठेवलंय, 'दोनदा दिसलं तर आहे.' कारण एकदा आम्ही नवा मेझर सापडला म्हणून गाजावाजा केला आणि तो निघाला माल आणणाऱ्या गाडीतल्या कसल्याशा यंत्राचा आवाज. आमचं जे हसं झालं, त्यानंतर मी कानाला खडा लावला. माझ्यामागे सगळे मला दोनदाबाई म्हणतात. म्हणू देत.

शेवटच्या पट्ट्या उरल्यात. अशात एका चिठ्ठीवर उठून येता येत नाही गं.

अण्णा नेमकं काय म्हणाले, ते तू सांगितलंच नाहीस. की मी विचारलंच नाही?

ताई


२ एप्रिल

धाकटे,

उत्तर नाही. राग आला असेल तर चार शिव्या लिहून पाठव, पण बोल. गप्प बसायला आपल्या घरात एक माणूस पुरेसा आहे.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे. माझी जीभ तुला नवी नाही.

इथे आमच्या मास्तरांशी वाजलंय. मास्तर म्हणजे माझे कामातले जोडीदार, पूर्वी शाळेत शिकवायचे, अजूनही प्रत्येक वाक्यानंतर 'समजलं?' विचारतात. मार्चमधल्या नोंदी चाळताना त्यांना एक मेझर सापडला. मीही पाहिला. सुईसारखा सरळ, उंच, देखणा. कोणाच्याच यादीत नसलेला. मास्तर एवढे खूश झाले की त्यांनी स्वतः उठून सगळ्यांसाठी चहा केला, हे इथे ग्रहणाइतकं दुर्मीळ आहे. परवा आम्ही त्याच जागी परत डिश वळवली. काही नाही. नुसती खरखर.

मी काट मारली. मास्तर म्हणाले, "बाई, मी डोळ्यांनी पाहिलाय हो."

"मीही पाहिलाय. मग?"

"मग तो कुठे गेला?"

"नसेलच तर जाईल कुठे?"

या वेळी ते 'समजलं?' म्हणाले नाहीत. तेव्हापासून डबा वेगळ्या टेबलावर खातात. तू तिकडे फुगलीस, हे इकडे. माझ्या नशिबात फुगेच लिहिलेत.

जूनमध्ये येते. नक्की. आठवडाभर.

ताई


१९ जून

धाकटे,

परवा पोचले. बॅग अजून दारातच आहे.

आठवडाभर येते म्हटलं होतं आणि पाचव्या दिवशी निघाले. तू दाराशी आली नाहीस. कवळ्या पॉलिश करायच्या तुझ्या मशीनचा आवाज रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत येत होता. तो मुद्दाम मोठा ठेवला होतास का?

मला सारखी ती खोली दिसते. बाहेर तुझं काम, शेल्फवर अख्ख्या गावाचे प्लास्टरचे जबडे, आणि आतल्या दारातून दिसणारी अण्णांची कॉट, अशी लावलेली की मान वर केली की ते दिसावेत. तू कवळी घासता घासता त्यांचा श्वास ऐकतेस. मध्येच मशीन बंद करून उठलीस, त्यांची कूस बदललीस, हात धुतलेस, परत कामाला. मी विचारलं, त्यांनी हाक मारली का? तू म्हणालीस, "नाही. वेळ झाली." मला तर वेळ झाल्याचं कुठेच दिसलं नव्हतं.

आणि मी काय केलं? उशी बदल म्हणाले. डॉक्टर बदल म्हणाले. कॉट खिडकीशी ने म्हणाले. तू वरण गाळत होतीस, गाळणं तसंच हातात धरून वळलीस. आपलं ते बोलणं मी वाटेत इतक्यांदा उगाळलंय की मला पाठ झालंय.

"ताई, तू इथे बघायला येतेस."

"मग काय करू? सांग ना, काय करू?"

"काही करू नकोस. राहा."

"राहता येत नाही, माहीत आहे तुला."

"मग उंटावरून शेळ्या हाकू नकोस."

मी बॅग भरली. तुझं खरं होतं म्हणूनच भरली.

अण्णा त्या पाच दिवसांत भिंतीकडेच बघत होते. हे मी तुला ऐकवलंही, जणू तुझा खोटेपणा पकडला. मला त्या वाक्याची लाज वाटते.

आता पुढचं ऐक. आज गेटवर चिठ्ठी होती, शेजारच्या काकूंचा फोन, माझा चष्मा घरी राहिलाय म्हणून. मी उलट फोन केला. काकू सहज बोलून गेल्या, "आणि बरं झालं बाई, अण्णा बोलले एकदाचे! तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. 'मोठी गेली का?' म्हणून विचारलं. मी दूध द्यायला आले होते, माझ्या कानांनी ऐकलं."

तू मला कळवलं नाहीस.

मी इतकी चिडले की रखवालदार खुर्ची सोडून बाहेर जाऊन उभा राहिला. परत बोलले की कळव म्हटलं होतं ना मी? मग? हे परत नव्हतं का? पत्र लिहायला बसले तीही भांडायलाच. पण इथवर लिहिता लिहिता राग गळून गेला. तू का कळवावंस? कळवलं असतंस, तर मी विचारलं असतं, आणखी कोणी ऐकलं का.

तेच तर विचारलं असतं.

चष्मा पाठवू नकोस. दुसरा आहे.

ताई


३० ऑगस्ट

धाकटे,

हे पत्र तू उघडशील की नाही, ठाऊक नाही. तरी लिहिते. आता सवय झाली आहे, आणि तुझ्याखेरीज कोणाला लिहू?

मास्तरांचा मेझर परत आला.

त्यांनी मला न सांगता काय केलं ऐक. आवारात मागे एक जुनी, लहान डिश आहे. सर्वेक्षणाच्या कामाची नाही, म्हणून कोणी विचारत नाही तिला. मास्तरांनी ती त्या काट मारलेल्या जागेकडे वळवली आणि रोज दुपारी जेवण झालं की तासभर तिथेच ऐकत बसायचे. एप्रिल, मे, जून, जुलै. नुसती खरखर. सगळे हसायचे. मी हसले नाही, पण थांबवायची संधी शोधत होते. आणि या महिन्याच्या सुरुवातीला तो हळूहळू वर यायला लागला. आठवड्याभरात पुन्हा तसाच, सुईसारखा. मग उतरला. आता परत गप्प आहे.

म्हणजे तो होताच. काही तारे असेच असतात म्हणे, मधूनमधून तेज धरतात आणि मधले महिने मुके. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तो मुका होता, एवढंच. नियम बरोबर होता गं. आमची जायची वेळ आमच्या सोयीची होती, त्याच्या नाही.

मास्तरांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत, रोज ऐकता म्हणून?"

ते म्हणाले, "बाई, तुम्ही विचारलं असतं, आज दिसला का. आणि रोज मला नाही म्हणावं लागलं असतं. समजलं?"

मला समजलं. मी प्रसाधनगृहात जाऊन रडले, नळ सोडून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. त्या नळाला पाणीच नव्हतं. सगळ्यांना ऐकू गेलं.

मी आयुष्यभर सर्वेक्षण केलं. मिनिटभर ऐकलं, पुढे सरकले. आकाशाचं ठीक आहे, ते मोठं आहे, दुसरा इलाजच नाही. पण अण्णांचंही मी तेच केलं. आले, खुर्ची टाकली, काही सूर आला नाही, निघाले. आणि तू तिथे रोज बसलेलीस. मुके दिवस तुझे, बोलण्याचा एखादा दिवस तुझा, आणि तो एक दिवस तू धावत जाऊन मला द्यायला निघालीस, तर मी पुरावा मागितला.

धाकटे, माझं चुकलं. यात 'पण' नाही. मी चार वेळा वाचून पाहिलंय, कुठे 'पण' राहिलाय का.

फळ्यावरचं वाक्य अजून तसंच आहे. पुसायला गेले तर मास्तरच म्हणाले, राहू द्या, खाली लिहा, 'दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं नव्हे.' मास्तर ते मास्तर. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही.

ताई


१४ नोव्हेंबर

धाकटे,

आपल्या घरातून लिहितेय. तुझ्याच टेबलावरून, जबड्यांच्या देखत.

आठ महिन्यांनी तुझं उत्तर आलं आणि तेही तीन ओळींचं. 'मी एक तारखेपासून महिना-दीड महिना जातेय. कुठे ते काकूंना ठाऊक आहे. अण्णांजवळ कोणी नसेल, काय ते तू बघ.' ना ताई, ना धाकटी. वीजबिलावरसुद्धा याहून माया असते. पण मी ती चिठ्ठी उशाखाली ठेवून झोपले, हेही सांगते.

शेवटची पट्टी राहिली होती. ती मास्तरांच्या हवाली केली. छापील यादीवर नाव त्यांचं पहिलं येईल आता. पूर्वी या गोष्टीवरून मी जीव दिला असता. ते म्हणाले, "जा हो बाई. आकाश काही पळून जात नाही."

पत्ता द्यायला काकू तयार नाहीत. "तिने शपथ घातलीय. पत्र माझ्याकडे दे, मी पेटीत टाकते." मी खोदून खोदून विचारलं, पण तोंडात मिठाची गुळणी. एवढंच म्हणाल्या, "झोपते म्हणे ती तिथे. दिवसभर नुसती झोपते." ते ऐकून मी आणखी काही विचारलं नाही.

आता माझे पराक्रम. पहिल्या दिवशी अण्णांना भरवताना अर्धं त्यांच्या गळ्याखाली आणि अर्धं माझ्या बाहीवर. कूस बदलायला घेतली तर त्यांचा हात अंगाखाली अडकला आणि माझं नख पाठीला लागलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हात सोडवला आणि पाठीला सोफ्रामाइसिन लावताना शंभरदा माफी मागितली. पाठीवर एकही जखम नाही, फक्त मी केलेला तो लाल ओरखडा. दोन वर्षं झोपून असलेल्या माणसाची पाठ अशी लहान मुलासारखी तू कशी ठेवलीस? काकूंनी मला कूस बदलायची पद्धत दाखवली. "आधी त्यांना सांग, मग हात लाव. धाकटी सांगायची." आता मी सांगते. अण्णा, डावीकडे वळवतेय हं. अण्णा, पाणी गार आहे हं. दिवसभर एकटीच बडबडते. इथल्या शांततेत मी ऐकायला आले होते आणि बोलायलाच लागले.

तुझ्या गिऱ्हाइकांना परत पाठवते. काही जण बिनदातांचेच रागावून जातात, त्यामुळे काय बोलले ते कळत नाही.

हवं तितकं झोप.

ताई


६ डिसेंबर

धाकटे,

काकूंना सांगितलंय, हे पत्र आजच्या आज टाका.

सकाळी कोपऱ्यावरचे शिंपी आजोबा आले. कवळीला चीर गेलेली, नातीचं लग्न ठरलंय, पाहुणे यायचेत. परत पाठवायला जीव होईना. म्हटलं, मेणाने तात्पुरतं काही जमतंय का बघू, लहानपणी पाहिलंय की. तुझा स्पिरिटचा दिवा काढला, बाटली ओतली, काडी लावली. वात मी बोटभर वर काढली होती. ज्योत भसकन माझ्या भुवयांपर्यंत आली.

आणि आतून आवाज आला, "मोठे, वात खाली घे."

साफ. खणखणीत. जुना आवाज, थोडा गंजलेला. मी वात खाली घेतली. आधी तेच केलं, कारण अण्णांनी सांगितलं होतं. मग आत गेले. ते भिंतीकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते. माझ्याकडे. मी कॉटशी खाली बसले. त्यांनी माझ्या मागे पाहिलं, बाहेरच्या खोलीत, तुझ्या रिकाम्या स्टुलाकडे.

"धाकटी कुठंय?"

"बाहेर गेलीय अण्णा. येईल."

"जेवली का?"

मी हो म्हटलं. खोटं की खरं, मला कुठे माहीत होतं? त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा परत भिंत. आजोबा कवळी घेऊन कधी निघून गेले कळलं नाही, म्हणजे साक्षीला कोणी नाही. संध्याकाळपर्यंत मी हलले नाही. ते पुन्हा बोलले नाहीत.

खरं सांगते, क्षणभर मला वाईट वाटलं. इतके दिवस मी करतेय, आणि चौकशी तुझी. मग तुझा मार्चमधला फोन आठवला. तेव्हा तू अशीच त्यांच्या कॉटशी बसली असशील, सगळं तूच करत होतीस, आणि त्यांनी चौकशी केली ती माझी. तरी तू हात पुसून फोनकडे धावलीस. कशी धावलीस गं?

मी तुला पुरावा देऊ शकत नाही. एकदाच दिसलंय. परत केव्हा दिसेल, दिसेल की नाही, कोणी सांगावं. मी जे तुझ्या बाबतीत केलं ते तू माझ्या बाबतीत करू शकतेस, आणि मी चकार शब्द बोलणार नाही. पण ते बोलले. तू जेवलीस का ते विचारलं.

आणि एक. जी समोर नसते तिचीच ते चौकशी करतात, हे तुझ्या लक्षात आलंय का? तू होतीस तेव्हा माझी, मी आहे तर तुझी. मग आपण दोघी समोर बसलो, तर कोणाची करतील?

आईची करतील.

तेव्हा त्यांना ती गेल्याचं पुन्हा सांगावं लागेल, आणि या वेळी ते ऐकतील. मला एकटीला ते जमणार नाही. तुझ्यावर एकटीवर ती वेळ येऊ नये, म्हणून मी इथून जाणार नाही. मास्तरांना तसं कळवलंय.

तुझी झोप झाली की ये. स्टूल खिडकीशी सरकवलं होतं, ते परत तुझ्या जागी ठेवलंय.

ताई